लग्नाचा फोटोवाला ठरवताना

सदर : घरप्रपंच



तुळशीचे लग्न लागले की आपल्याकडे लग्नसराईला तोंड फुटते. सोयाबीन विकून झालेले असते, कापसाची वेचणी चालू असते, आणि ज्या घरात मुलगा किंवा मुलगी लग्नाची आहे त्या घरी पाहुण्यांची ये-जा वाढते. स्थळ जमले, बैठक झाली, की एकेकाला सुपारी दिली जाते. मांडववाला ठरतो, आचारी ठरतो, बँडवाला ठरतो, बस्ता बांधला जातो. या गडबडीत लग्न पंधरा दिवसांवर येते आणि मग कोणाच्या तरी ध्यानात येते, “अरे, फोटोवाल्याचे काय?” त्यावर कोणाचा तरी मेहुणा म्हणतो, “माझ्या ओळखीचा आहे एक, सांगून टाकतो.” झाले, ठरला फोटोवाला.

आता विचार करा. मांडव दुसऱ्या दिवशी सुटतो. जेवणाची चव फार तर महिनाभर लोकांच्या तोंडी राहते. बस्त्यातली लुगडी चार वर्षांत विरतात. त्या दिवसाचे म्हणून घरात जे उरते ते फोटो. नातवंडे उद्या विचारतील, आमची पणजी कशी दिसत होती, तेव्हा दाखवायला तेच असतात. आणि एवढ्या कामाचा माणूस ठरवताना आपण घटकाभर बसून विचार करीत नाही. बैल घ्यायला बाजारात गेलो तर दात पाहतो, खांदा पाहतो, चार पावले चालवून पाहतो, जमले तर जुंपूनही पाहतो. फोटोवाल्याला मात्र नुसत्या ओळखीवर इसार देऊन मोकळे होतो.

म्हणून या आठवड्यात फोटोवाला कुठे शोधावा, कसा पारखावा आणि त्याच्याशी व्यवहार कसा करावा, हे क्रमाने पाहू.

आधी घरात बसून ठरवा

फोटोवाल्याच्या दुकानात पाऊल टाकण्याआधी घरातल्या चार माणसांनी बसून काय हवे ते ठरवावे. दुकानात गेल्यावर ठरवू म्हटले की दुकानदार ठरवतो आणि आपण मान हलवतो.

आजकाल या धंद्यात कामाचे बरेच प्रकार झाले आहेत. एक साधा फोटोवाला. तो वधूवरांना उभे करून, पाहुण्यांना ओळीने बोलावून फोटो काढतो. दुसरा कँडिडवाला. तो कोणाला सांगत नाही, माणसे आपापल्या नादात असताना टिपतो. तिसरा व्हिडिओवाला. चौथा ड्रोनवाला, म्हणजे आकाशातून मांडव आणि वरात दाखवणारा. पाचवे लग्नाआधी वधूवरांना कुठेतरी नेऊन केलेले प्री-वेडिंग. प्रत्येकाचे माणूस वेगळे, दर वेगळा. सगळे मिळून ‘पॅकेज’ म्हणून सांगितले की आकडा एकदम मोठा होतो आणि त्यातले आपल्याला काय हवे होते ते कळेनासे होते.

तेव्हा आधी गरजेचे मोजा. हळद, लग्नविधी, घरच्या माणसांचे फोटो आणि पाठवणी, हे चार भाग चुकवता येत नाहीत. दोन्ही घरांना एकेक अल्बम आणि काढलेले सगळे फोटो पेनड्राइव्हवर, एवढे झाले की संसारी घराचे काम भागते. यावर हातात पैसा उरत असेल तर बाकीची हौस करावी. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण लग्नातच सर्वांत जास्त विसरली जाते. सोसायटीचे कर्ज डोक्यावर, खतवाल्याची उधारी बाकी, आणि मांडव आकाशातून कसा दिसतो हे पाहण्यासाठी व्याजाने पैसे काढायचे, याला कोणी शहाणपण म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट, खर्च कोणी करायचा हे बैठकीतच यादीवर घ्यावे. फोटोचा खर्च मुलीकडच्यांनीच करायचा, अल्बम मात्र मुलाकडे न्यायचा, अशी रीत पुष्कळ ठिकाणी पडली आहे. ती बरी नव्हे. फोटोत दोन्ही घरची माणसे असतात. तसेच दोन्ही बाजूंनी आपापला फोटोवाला आणला तर बोहल्यापुढे चार-पाच माणसे कॅमेरे घेऊन उभी राहतात आणि पाहुण्यांना वधूवरांची पाठसुद्धा दिसत नाही. दोन्ही घरांनी मिळून एकच चांगला माणूस ठरवावा, खर्च निम्मा-निम्मा करावा, अल्बम दोन घ्यावेत. यात पैसाही वाचतो आणि कामही सुधारते.

शोधायचा कुठे

यासाठी फार लांब जावे लागत नाही. मागच्या दोन वर्षांत आपल्या गावात आणि भावकीत जी लग्ने झाली त्या घरी जा. चहा घ्या, अल्बम मागा आणि तीन गोष्टी विचारा. माणूस वेळेवर आला होता का? अल्बम सांगितल्या वेळी मिळाला का? ठरलेल्या पैशांपेक्षा नंतर जास्त मागितले का? या तीन प्रश्नांची उत्तरे दुकानाच्या पाटीवर लिहिलेली नसतात, आणि मोबाइलवरच्या चकचकीत पानावरही नसतात. ती घरच्या बायकाच खरी सांगतात, कारण अल्बमसाठी फोन त्यांनीच केलेले असतात.

तालुक्याच्या गावी चार-पाच फोटो स्टुडिओ असतातच. शिवाय हल्ली खेड्यापाड्यांतली शिकलेली मुले स्वतःचा कॅमेरा घेऊन हा धंदा करू लागली आहेत. त्यांना केवळ गावातला पोरगा म्हणून हिणवू नये, आणि केवळ गावातला म्हणून डोळे मिटून कामही देऊ नये. त्यांना पारखण्याची सोपी युक्ती आहे. साखरपुड्याचे लहान काम आधी द्यावे. तो वेळेवर येतो का, म्हाताऱ्या माणसांशी नीट बोलतो का, आठ दिवसांत फोटो दाखवतो का, हे सगळे त्यात दिसते. हेच ते जुंपून पाहणे. काम पटले तर लग्न त्याचेच.

मात्र हे वेळेवर करायला हवे. मोठ्या मुहूर्ताच्या दिवशी एका तालुक्यात कितीतरी लग्ने असतात आणि चांगला माणूस तीन-चार महिने आधीच गुंतलेला असतो. तारीख पक्की झाली की आचाऱ्याच्या बरोबरीने फोटोवाल्यालाही सुपारी द्यावी.

काम कसे पाहावे

दुकानात गेल्यावर फोटोवाला आपला सर्वांत उत्तम अल्बम पुढे ठेवतो. त्यात दहा लग्नांतले निवडक दहा फोटो असतात. ते पाहून भुलू नये. “एकाच लग्नाचे पहिल्यापासून शेवटपर्यंतचे फोटो दाखवा,” असे स्पष्ट म्हणावे. शंभर एकरांतली दहा कणसे कोणीही दाखवील, आपल्याला सगळे वावर पाहायचे आहे.

ते पाहताना पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

पहिली, रात्रीचे फोटो. हळद रात्री असते, वरात रात्री असते. दिवसा उन्हात फोटो कोणाचेही बरे येतात. रात्री हॅलोजनच्या आणि फ्लॅशच्या उजेडात चेहरे पिठासारखे पांढरे पडले आहेत का, मागचे सगळे काळेकुट्ट झाले आहे का, ते पाहा.

दुसरी, मांडवातला रंग. लाल किंवा पिवळ्या कापडाच्या मांडवात दुपारचे ऊन गाळून येते आणि सगळ्यांच्या तोंडावर तोच रंग चढतो. जाणता फोटोवाला हे दुरुस्त करतो. नवख्याच्या फोटोत सगळी वऱ्हाडी मंडळी कावीळ झाल्यासारखी दिसतात.

तिसरी, गोरज मुहूर्त. त्या वेळी उजेड मिनिटामिनिटाला कमी होत जातो. मंगलाष्टके सुरू होताना दिसत असते आणि संपताना अंधारून येते. आपले लग्न गोरजावर असेल तर त्याने केलेले तसलेच लग्न पाहायला मागा.

चौथी, नेमका क्षण. अंतरपाट दूर होतो आणि वधूवर एकमेकांना हार घालतात ते एकदाच होते. सप्तपदी, कन्यादान, कानपिळी, सूनमुख, झाल यांची प्रत्येकाची जागा ठरलेली असते. फोटोवाल्याला विधी ठाऊक नसेल तर तो नेमक्या वेळी बॅटरी बदलत बसतो. आपल्या समाजाची रीत वेगळी असेल, लग्न बौद्ध पद्धतीचे असेल, सत्यशोधक पद्धतीचे असेल किंवा निकाह असेल, तर त्या पद्धतीची लग्ने त्याने केली आहेत का ते विचारावे. नसतील तर कोणत्या वेळी काय होते आणि कुठे कॅमेरा चालणार नाही, हे त्याला आधी बसून समजावून सांगावे.

पाचवी आणि महत्त्वाची, त्या फोटोंत माणसे कोणती दिसतात? सगळ्या पानांवर नवरा-नवरीच असतील, म्हातारीकोतारी, लहान मुले, राबणाऱ्या बायका कुठेच नसतील, तर तो माणूस आपल्या लग्नातही तसेच करणार.

तोंडावर विचारायचे प्रश्न

“लग्नाला तुम्ही स्वतः येणार की माणूस पाठवणार?” हा पहिला प्रश्न. मोठ्या तिथीला एकेक स्टुडिओवाला दोन-तीन सुपाऱ्या घेतो. आपण पाहतो त्याचे काम, आणि मांडवात येतो त्याचा शिकाऊ पोरगा. कोण येणार त्याचे नाव लिहून घ्यावे.

“कॅमेरा बंद पडला तर?” दुसरा कॅमेरा, जादा बॅटऱ्या आणि दुसरा फ्लॅश त्याच्या पिशवीत असलाच पाहिजे. गावाकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून आपल्या जनरेटरवाल्याची आणि त्याची गाठही आधी घालून द्यावी.

“फोटो किती ठिकाणी ठेवता?” एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो उतरवणारे कॅमेरे आता मिळतात. तसा कॅमेरा नसेल तर त्या रात्रीच फोटो दोन ठिकाणी उतरवून ठेवणार का, हे विचारावे. कार्ड बिघडले किंवा हरवले तर लग्न पुन्हा लावता येत नाही.

“किती वाजता येणार, किती वाजता जाणार?” पुष्कळ जण तासांवर काम घेतात. अक्षता पडल्या, जेवणे झाली आणि पाठवणीच्या वेळी फोटोवाला निघून गेला, असे व्हायला नको.

त्याची बोलण्याची तऱ्हाही पाहावी. तुमची आई काही विचारत असताना तो मोबाइलमध्ये डोके घालून बसला असेल, तर मांडवातही तो तिला ऐकणार नाही.

दर आणि जिन्नस

दोन फोटोवाल्यांचे दर ताडून पाहायचे तर जिन्नस सारखा हवा. एकाने कमी सांगितले आणि दुसऱ्याने जास्त, एवढ्यावर निर्णय करू नये.

अल्बम शीटवर मोजतात. १२ × ३६ इंच हे नेहमीचे माप. एक शीट उघडली की १२ × १८ ची दोन पाने होतात. म्हणजे २५ शीटचा अल्बम हा ५० पानांचा झाला. एका पानावर सरासरी चार-पाच फोटो धरले तर दोनशे ते अडीचशे फोटो बसतात. घरच्या लग्नाला तेवढे पुरेसे आहेत. “दोन हजार फोटो देतो” या शब्दाला भुलू नका. दोन हजार फोटो काढायला कॅमेऱ्याला काही पडत नाही, खरा खर्च निवडण्यात, दुरुस्त करण्यात आणि छापण्यात असतो. शीट किती, माप काय, कागद कोणता, जादा शीटला किती पैसे, हे विचारून घ्यावे. अल्बम छापण्याआधी पानांची मांडणी मोबाइलवर पाहायला मिळेल का, तेही विचारावे. आत्याचे नाव राहिले, मामाचा फोटो दोनदा आला, या चुका तेव्हाच सुधारता येतात.

व्हिडिओ घेत असाल तर तो किती वेळाचा, सगळा विधी सलग मिळणार की गाणी घालून केलेला पाच मिनिटांचा तुकडा, हे स्पष्ट करावे. म्हाताऱ्या माणसांना सलग विधी पाहायला आवडतो.

ड्रोनबद्दल एक सांगून ठेवतो. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर त्याला नोंदणी क्रमांक लागतो आणि उडवणाऱ्याकडे वैमानिकाचे प्रमाणपत्र लागते. विमानतळासारख्या काही भागांत तर परवानगीशिवाय उडवताच येत नाही. कागद मागा. मांडवाच्या दोऱ्या, विजेच्या तारा आणि वरातीत लहान मुलांची गर्दी असताना शिकाऊ हाताने ते यंत्र डोक्यावर फिरवणे धोक्याचे आहे. तीच गोष्ट प्री-वेडिंगची. धरणाच्या भिंतीवर, विहिरीच्या कठड्यावर, रेल्वेच्या रुळांवर पोरांना उभे करणारा फोटोवाला कितीही नावाजलेला असला तरी नको.

चिठ्ठी करा, मगच इसार द्या

शेत खंडाने द्यायचे तर आपण चार ओळी लिहून घेतो. इथेही तेच करावे. साध्या कागदावर चालेल, पण दोघांच्या सह्या हव्यात. त्यात एवढे यावे :

१. लग्नाची तारीख, गाव, येण्या-जाण्याची वेळ आणि कोणकोणते कार्यक्रम.
२. स्वतः कोण येणार, बरोबर किती माणसे.
३. अल्बम किती, प्रत्येकी किती शीट, माप काय.
४. काढलेले सगळे फोटो मूळ आकारात पेनड्राइव्हवर देणार, आणि किती दिवसांत.
५. अल्बम किती दिवसांत देणार.
६. एकूण रक्कम, आणि प्रवास-मुक्काम त्यात धरला आहे का.
७. तारीख बदलली किंवा कोणाचे अडले तर इसाराचे काय.
८. आपल्या संमतीशिवाय फोटो दुकानाच्या फलकावर किंवा मोबाइलवर लावणार नाही.

शेवटच्या कलमाबद्दल थोडे सांगायला हवे. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा असतो, वेगळा करार झाला नसेल तर. तेव्हा त्याच्या छापील पावतीच्या मागे बारीक अक्षरांत उलटे काही लिहिले आहे का, हे वाचूनच सही करावी. आपल्या लेकीचा फोटो कुठे लावायचा आणि कुठे नाही, हे ठरवण्याचा हक्क आपण न वाचता सही करून घालवू नये.

पैसे एकदम देऊ नयेत. समजा ४०,००० रुपयांना काम ठरले. इसार १०,००० द्यावा, लग्नाच्या दिवशी १५,००० द्यावेत, सगळे फोटो पेनड्राइव्हवर मिळाल्यावर ५,००० आणि अल्बम हातात पडल्यावर उरलेले १०,०००. प्रत्येक वेळी पावती घ्यावी. लग्नाच्या गर्दीत भरीस पडून सगळी रक्कम दिली आणि नातवाच्या बारशाला अल्बम आला, अशी घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. आणि दुसऱ्या बाजूनेही न्यायाने वागावे. अल्बम घेऊन गेलेले घर उरलेले पैसे दिवाळीपर्यंत ढकलते, ही फोटोवाल्यांची तक्रारही खोटी नसते. त्याचाही प्रपंच याच चार महिन्यांवर चालतो.

नावांची यादी

सगळ्यांत मोलाची गोष्ट आता सांगतो, आणि तिला एक पैसा लागत नाही.

रीळ भरायच्या कॅमेऱ्यांच्या काळात मोठ्या रिळावर चौकोनी फोटो बाराच निघत, लहान रिळावर छत्तीस. फोटोवाला एकेक फोटो जपून काढी. घरातला कर्ता पुरुष शेजारी उभा राहून सांगे, आता आईचा घे, आता थोरल्या भावाच्या कुटुंबाचा घे. म्हणून त्या काळ्या-पांढऱ्या फोटोत सगळे घर सापडते. आज फोटो हजारांनी निघतात, सांगणारा कोणी नसतो, आणि अल्बम आला की ध्यानात येते, आजीचा एकही धड फोटो नाही. एका ठिकाणी ती जेवताना दिसते, एका ठिकाणी नुसता पदर.

पुढच्या वर्षी ती आजी असेलच असे नाही. ती गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो शोधू लागलो तर आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणावा लागतो. कितीतरी घरांत हेच झाले आहे.

म्हणून लग्नाच्या आठ दिवस आधी वहीचे एक पान घ्या आणि नावे लिहा. आजी-आजोबा. दोन्हीकडच्या आत्या, मावश्या, मामा. लांबून आलेली, पुन्हा केव्हा भेटतील याचा नेम नसलेली माणसे. आजारी असल्याने मांडवात येऊ न शकलेला चुलता, त्याचा फोटो घरी बाजेवर बसवून काढावा. मग राबणारी माणसे : पहाटेपासून पुऱ्या लाटणाऱ्या आळीतल्या बायका, आचारी, सालगडी आणि त्याची घरधनीण, पाणी वाढणारी तरुण पोरे. यांचा एकत्र फोटो काढून त्यांना एकेक प्रत दिली तर ते वर्षानुवर्षे जपून ठेवतील.

या यादीत नवरीच्या आईचे नाव सर्वांत वर लिहा. कित्येक घरांत अक्षता पडताना ती मांडवात नसते, तुळशीला पाणी घालत उभी असते. नंतर दिवसभर ती कोठीघरात आणि पंगतीत. संध्याकाळी पाठवणीला ती रडत असते, आणि अल्बममध्ये तिचा तेवढाच एक फोटो येतो. तिला सकाळीच, गर्दी होण्याआधी, ओसरीवर चांगल्या उजेडात लेकीजवळ बसवावे आणि शांतपणे फोटो काढून घ्यावा. दहा मिनिटांचे काम आहे. फोटोवाल्याबरोबर दुसरा माणूस असेल तर त्याला अक्षतांच्या वेळी तुळशीपाशी पाठवावे.

ही यादी घरातल्या एखाद्या हुशार भाच्याच्या किंवा पुतणीच्या हाती द्यावी. फोटोवाला आपल्या नात्यातली माणसे ओळखत नसतो. त्या मुलाने दिवसभर त्याच्याबरोबर राहावे, माणसे बोलावून आणावीत, नावापुढे खूण करीत जावे. त्यालाही काम मिळते आणि कोणी रुसतही नाही.

यादीत एक सरकारी फोटोही लिहून ठेवा. आपल्या राज्यात विवाह नोंदणीचा १९९८ चा कायदा आहे. लग्नापासून ९० दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंदणी करून घ्यावी. त्या वेळी वधूवरांचे लहान फोटो, लग्नपत्रिका आणि लग्नविधीचा एक फोटो कागदपत्रांबरोबर लागतो. हार घातल्यावरचा दोघांचे चेहरे स्पष्ट दिसतील असा फोटो अल्बमची वाट न पाहता चार दिवसांत मागून घ्यावा. पुढे रेशन कार्ड, बँक, पासपोर्ट अशा कामांत हा नोंदणीचा दाखला मुलीच्या फार उपयोगी पडतो.

त्या दिवशी पाहुण्यांनी आणि आपण

फोटोवाला आला की त्याला आणि त्याच्या माणसांना आधी चहा-नाश्ता द्या आणि जेवणाच्या वेळी पंगतीला बसवा. सगळ्यांचे जेवण झाल्यावर उरले तर त्याला, असे करू नये. भुकेल्या माणसाचा हात थरथरतो.

मंगलाष्टकांच्या वेळी पुढच्या रांगेतले वीस जण मोबाइल वर करून उभे राहतात आणि पैसे देऊन आणलेल्या माणसाच्या कॅमेऱ्यापुढे त्यांचे हात येतात. लाऊडस्पीकरवरून एकदा सांगून टाकावे, की मंडळींनी अक्षता टाकाव्यात, फोटो काढणारा वेगळा आहे. फोटोवाल्यालाही बजावावे, की भटजींना थांबवून विधी पुन्हा करायला लावायचा नाही आणि जेवणाऱ्यांच्या तोंडावर दिवा धरायचा नाही.

फोटो घरात आल्यावर

पेनड्राइव्ह हातात आला की तो कपाटात टाकून विसरू नका. तो बिघडतो, हरवतो, पोरे त्यावर सिनेमा भरतात. दोन हजार फोटो साधारण २० जीबीच्या आसपास जागा घेतात, म्हणजे ३२ जीबीचा पेनड्राइव्ह फोटोंना पुरतो. व्हिडिओसाठी वेगळा मोठा घ्यावा. दोन प्रती करून एक माहेरी आणि एक सासरी ठेवावी. दर तीन-चार वर्षांनी सगळे नव्या साधनावर उतरवून घ्यावे. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो बारीक होऊन येतो, तो छापायला उपयोगाचा नाही, म्हणून मूळ फोटो जपावा.

यादीतल्या माणसांचे निवडक पन्नास फोटो ४ × ६ इंचांच्या कागदावर छापून घ्या. खर्च थोडा येतो. प्रत्येकाच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नाव, नाते आणि तारीख लिहा, बॉलपेनने लिहू नका, त्याचा वळ पुढे उमटतो. आज आपल्याला वाटते, ही माणसे कोणाला ठाऊक नाहीत? चाळीस वर्षांनी सांगणारे कोणी नसते. अल्बम कोरड्या जागी, भिंतीपासून दूर ठेवावा. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळा संपला की एकदा बाहेर काढून सावलीत वारा द्यावा, उन्हात ठेवू नये.

काम फसले तर

पैसे घेऊन माणूस आलाच नाही, फोटो दिलेच नाहीत, अल्बम ठरल्यापेक्षा हलका दिला, तर आधी समोरासमोर बोलावे. ऐकले नाही तर चिठ्ठी आणि पावत्यांच्या प्रती जोडून स्पीड पोस्टाने पत्र द्यावे. तेवढ्यानेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी पडत नाही. मात्र दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

आयोग पैसे परत देववील, भरपाईही देववील. हुकलेली पाठवणी मात्र कोणताही आयोग परत आणून देऊ शकत नाही. म्हणून सगळी काळजी आधी घ्यायची.

यंदा ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी आजच संध्याकाळी वहीचे ते पान काढावे. फोटोवाला ठरायला महिना लागला तरी चालेल, नावे मात्र आज लिहायला घ्या. लिहिताना आजीला जवळ बसवा, विसरलेली चार नावे तीच सांगेल.

पुढील आठवड्यात : आचाऱ्याची यादी आणि आपला हिशेब.